क्रोम काढून परत टाकलं, तरी तेच दुखणं

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड या पट्ट्यात घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करताना एक वाक्य सतत कानावर येतं: "दादा, क्रोम काढून परत टाकलं, दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच." हे सगळं त्या 'पुन्हा तेच'साठी लिहितोय. एखाद्या वेळी अडकलेला ब्राउझर बंद करून उघडला की सुटतो, त्याला एवढं सांगायची गरज नाही. पण जे दुखणं जातं आणि परत येतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये नसतंच. ते सीपीयूच्या आतल्या सेलमध्ये असतं, तुमच्या गुगल खात्यात असतं, घरातल्या लाईटीत असतं, नाहीतर विंडोजच्या वयात असतं. तिकडे न बघता क्रोम पुन्हा टाकत राहणं म्हणजे वर माळवद गळत असताना खाली जमीन सारवत बसणं.

म्हणून कुणाच्याही घरी गेलो की मी पहिला प्रश्न 'काय होतंय' हा विचारत नाही. 'कधी परत होतं' हे विचारतो. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर होतं का? जीमेलचा पासवर्ड टाकून क्रोममध्ये शिरल्यावर होतं का? लाईट जाऊन आल्यावर होतं का? महिनाभरानं होतं का? या प्रश्नांच्या उत्तरातच अर्धा शोध संपतो. आणि हे उत्तर घरातल्या माणसाइतकं नीट दुसरं कुणी देऊ शकत नाही, त्यामुळे दुरुस्तीवाल्याला बोलवायच्या आधी चार दिवस एवढं एकच ध्यानात ठेवा.

सोबत आणखी एक चाचणी करून घ्या. तीच साइट त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. विंडोजमध्ये एज असतोच, तो चालेल. दोन्हीकडे तोच त्रास असेल तर क्रोमला दोष देऊ नका. मग त्याच वायफायवर मोबाइलवर उघडून बघा. तिथंही बंद असेल तर नेटचा किंवा त्या साइटचाच प्रश्न आहे. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला पोर्टल अडतं तेव्हा घरचा ब्राउझर कितीही धुतला तरी उपयोग नसतो.

सकाळी चालू केला की एकही साइट उघडत नाही

आपल्या भागात सगळ्यात जास्त हेच दिसतं, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या जागी हेच शोधलं जातं, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

रात्री सगळं नीट असतं. झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद होतं. सकाळी कॉम्प्युटर चालू करताना काळ्या पडद्यावर 'एफ वन दाबा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, लेकरं ती दाबून पुढं जातात. विंडोज येते, आणि क्रोममध्ये कुठलीही साइट उघडा, समोर लाल खूण: तुमचं कनेक्शन खाजगी नाही. बँक नाही, जीमेल नाही, सातबारा नाही. मोबाइलवर मात्र त्याच वायफायवर सगळं चालू. मग नेटवाल्याला फोन जातो, तो राउटर बंद करून चालू करायला सांगतो, आणि त्यानं काहीच होत नाही.

पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. तिथं १ जानेवारी आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचं साल दिसलं तर शोध संपला. क्रोम पुष्कळदा स्वतःच सांगतो की तुमचं घड्याळ मागे आहे, पण त्या इंग्रजी पाटीकडे कुणी लक्ष देत नाही.

घड्याळाचा आणि साइटचा संबंध असा आहे. प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं. ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालतं. ब्राउझर ते प्रमाणपत्र घेतो आणि आपल्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१२ दाखवत असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो दार लावून घेतो. ब्राउझर आपलं काम चोख करतोय, त्याला खोटी तारीख सांगितली गेली आहे एवढंच.

आणि ही तपासणी दिवसेंदिवस कडक होत चालली आहे. १ सप्टेंबर २०२० पासून नवीन प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस झाली. ब्राउझर बनवणाऱ्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्यांनी मिळून २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे ही मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस. पूर्वी घड्याळ दोन-तीन महिने मागे असलं तरी बऱ्याच साइट उघडायच्या. इथून पुढं तेवढी ढील मिळणार नाही.

आता घड्याळ मागे का जातं? मदरबोर्डवर, म्हणजे सीपीयूच्या डब्यातल्या मुख्य सर्किट बोर्डवर, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून हा नंबर बघूनच घ्यायचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ या सेलवर चालतं. पण डेस्कटॉपची पिन बोर्डात असेल आणि बोर्ड चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो आणि सेलवर जवळजवळ भार येत नाही. आपण रात्री बोर्ड बंद करतो. शिवाय लोडशेडिंग. शिवाय सुट्टीत गावी गेलो की आठ-पंधरा दिवस सगळं बंद. हा सगळा वेळ तो सेल एकटा खेचत असतो, म्हणून आपल्याकडे तो लवकर संपतो. बोर्ड बंद करणं चूक नाही, मृगाच्या विजांच्या दिवसांत तर ते करावंच. फक्त सेलचं आयुष्य त्यामुळे घटतं हे माहीत असावं.

तात्पुरता उपाय म्हणजे तारीख हाताने बरोबर करणं. घड्याळावर उजवं क्लिक करून तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जा, 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' बंद करा, आधी साल, मग महिना, दिवस, वेळ भरा, नंतर ते बटण परत चालू करून 'सिंक नाऊ' दाबा. बरेच जण थेट 'सिंक नाऊ' दाबतात आणि काही झालं नाही म्हणून सोडून देतात. घरगुती विंडोजच्या मूळ सेटिंगप्रमाणे फरक १५ तासांपेक्षा मोठा असेल तर इंटरनेटवरून आलेली वेळ विंडोजची टाइम सर्व्हिस नाकारते, म्हणून आधी हाताने जवळ आणावं लागतं.

पण हे रोज सकाळी करत बसू नका. सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, नवीन सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, मोजणी त्याच्या बरीच खाली गेली असेल तर बदलाच. बदलण्याआधी एक काम विसरू नका: कॉम्प्युटर चालू होताना एफ टू किंवा डिलीट दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानांवर, जा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की बायॉस आपल्या मूळ सेटिंगवर जातं, आणि त्यातलं साटा मोड नावाचं, डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारं एक सेटिंग जर बदललं तर विंडोज सुरूच होत नाही. मग घरात रडारड होते की सेल टाकला आणि हार्ड डिस्क गेली. डिस्क कुठंही जात नाही. फोटोत जे होतं, एएचसीआय किंवा आयडीई, तेच परत निवडलं की विंडोज येते.

बदलताना पिन बोर्डातून काढा, सीपीयूचं चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो, बाजूची छोटी क्लिप हलकी ढकलली की सेल वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. आणि काढलेला सेल त्याच क्षणी टेप गुंडाळून उंचावर ठेवा. घरात लहान लेकरू असेल तर हे फार मनावर घ्या: असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांच्या आत भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तसा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

सेल बदलल्यावर लगेच 'झालं' म्हणू नका. रात्रभर बोर्ड बंद ठेवा आणि सकाळी तारीख बघा. बरोबर असेल तर काम झालं. तारीख बरोबर असूनही सगळ्या साइटवर तोच लाल इशारा येत असेल, तर अँटिव्हायरसमधली वेब तपासणी थोडा वेळ बंद करून बघा, काही वेळा ती मध्ये स्वतःचं प्रमाणपत्र घालते आणि ब्राउझरला ते पटत नाही.

त्या इशाऱ्याच्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून पुढं जायची वाट बऱ्याचदा असते. ती घेऊ नका, घरात कुणाला घेऊ देऊ नका. ज्या सकाळी घड्याळ बरोबर असेल आणि इशारा खरा असेल, त्या सकाळीही सवयीनं बोट तिथंच जाईल.

गुगल खात्यात शिरलं की घाण परत येते

दुसरं दुखणं असं. शोध टाकला की गुगलऐवजी कुठलंतरी अनोळखी पान उघडतं. नवीन टॅबवर जाहिराती. होमपेज बदललेलं. क्रोम काढला, नवीन टाकला, सगळं स्वच्छ. जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड टाकला, आणि पाच मिनिटांत सगळं जसंच्या तसं.

याला कारण सिंक. क्रोममध्ये सिंक चालू असेल तर बुकमार्क आणि पासवर्डबरोबर एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेली छोटी जादा सॉफ्टवेअर) आणि सेटिंगही गुगलच्या सर्व्हरवर जातात आणि साइन-इन केलं की परत उतरतात. जे एक्स्टेन्शन घाण करतंय तेही उतरतं. शिवाय क्रोम काढताना 'ब्राउझिंग डेटाही पुसायचा का' अशी एक चौकट येते, ती टिक केली नाही तर जुनी माहिती डिस्कवर तशीच राहते आणि नवीन क्रोम ती उचलतो. म्हणजे काढणं-टाकणं दोन्ही बाजूंनी वाया.

आधी खात्री करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबून इनकॉग्निटो खिडकी उघडा. तिथं एक्स्टेन्शन, मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, चालत नाहीत. तिथं सगळं स्वच्छ दिसलं तर दोष एक्स्टेन्शनचाच समजा. मग तीन ठिपक्यांच्या मेनूतून एक्स्टेन्शनच्या पानावर जा, सगळी बंद करा, आणि एकेक चालू करत बघा. व्हिडिओ उतरवून देणारी, पीडीएफ बदलून देणारी, 'स्वस्त भाव शोधून देतो' म्हणणारी, यांच्याकडे आधी बघा. 'सगळ्या साइटवरची तुमची सगळी माहिती वाचणं आणि बदलणं' ही परवानगी अशा एक्स्टेन्शनकडे असते, आणि ती देताना कुणी वाचलेली नसते.

दोषी सापडलं की ते सिंक चालू असतानाच 'रिमूव्ह' करा, म्हणजे काढल्याची नोंदही सर्व्हरवर जाईल. तरीही परत आलं तर सिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त एक्स्टेन्शनचं सिंक बंद करा. बुकमार्क, पासवर्ड चालू राहू द्या.

इतकं करूनही येतंय? मग दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर तुमचं खातं उघडं आहे का बघा. स्कॉलरशिपचा, सीईटीचा फॉर्म भरायला आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो, ओटीपी-ईमेलसाठी जीमेल उघडतो, आणि घाईत त्या क्रोमलाच साइन-इन करून सिंकला 'होय' म्हणून निघून येतो. दिवसभर शंभर माणसं वापरतात त्या कॉम्प्युटरवर कुणीतरी टाकलेलं एक्स्टेन्शन मग तुमच्या खात्यातून तुमच्या घरी येतं. याहून मोठी काळजी म्हणजे तुमचे पासवर्डही तिथं उतरलेले असतात. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'युअर डिव्हायसेस' आहे. तिथं ओळखीचे नसलेले सगळे कॉम्प्युटर साइन-आउट करा आणि पासवर्ड बदला. मुलामुलींना हे शिकवाच: दुकानात गेलं की इनकॉग्निटो खिडकीतच जीमेल उघडायचं, काम झालं की ती खिडकी बंद करायची.

कधी एक्स्टेन्शनच्या पानावर 'रिमूव्ह' बटणच नसतं आणि मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसतं. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली संस्था? एखादं अँटिव्हायरस अशी नोंद करतं हे खरं, पण पुष्कळदा फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या घुसखोरानं विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सगळी सेटिंग जिथं साठतात तिथं, क्रोमसाठी 'पॉलिसी' म्हणजे सक्तीचा नियम लिहून ठेवलेला असतो. ती क्रोम काढून जात नाही. आधी कंट्रोल पॅनेलमधून अलीकडे आलेली अनोळखी सॉफ्टवेअर काढा, विंडोज डिफेंडरचं (विंडोजसोबतच येणारं अँटिव्हायरस) पूर्ण स्कॅन चालवा, डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅन असतं तेही चालवा. रजिस्ट्रीत हात घालायचा तर माहितगाराकडूनच, आणि आधी तिची प्रत काढून.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावरही एक नजर टाका. उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'. तिथला मजकूर 'क्रोम डॉट ईएक्सई' आणि अवतरण चिन्हावर संपला पाहिजे. त्यापुढं एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर क्रोम उघडला की तीच साइट येणार, आतलं सेटिंग कितीही बदला. क्रोमला एकाहून जास्त प्रोफाइल, म्हणजे ज्याचे-त्याचे वेगळे बुकमार्क आणि सेटिंग ठेवणारे कप्पे, असतील तर मात्र पुढं प्रोफाइलचं नाव असू शकतं, ते काढू नका.

२०२५ मध्ये क्रोमनं जुन्या पद्धतीवर बांधलेली एक्स्टेन्शन बंद केली. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यातच गेलं. ते रोज चालू करायच्या मागे लागू नका. त्याची लाइट आवृत्ती घ्या किंवा फायरफॉक्स वापरा, तिथं मूळ चालतं.

कोपऱ्यात 'व्हायरस सापडला'

हे फार जणांना घाबरवतं, विशेषतः घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना. खाली उजव्या कोपऱ्यात नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह लावून सूचना येते की कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, लगेच इथं दाबा. स्कॅन केलं तर काही सापडत नाही, दुसऱ्या दिवशी परत येते.

हा व्हायरस नाही. कधीतरी सिनेमाच्या किंवा निकालाच्या नकली साइटवर 'पुढं जाण्यासाठी अलाउ दाबा' आलं आणि कुणीतरी दाबलं. त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली, एवढंच घडलंय. सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथं परवानगी दिलेल्या यादीतले अनोळखी पत्ते काढून टाका. शेवटी वरचं सेटिंग 'कुठल्याच साइटला विचारू देऊ नका' असं करा. घरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या सूचनांवाचून काही अडत नाही.

पडदा पूर्ण भरून इशारा आला, आवाज सुरू झाला आणि फोन नंबर दिसला, तर त्या नंबरवर फोन करायचा नाही. एस्केप दाबून धरा, नाही झालं तर अल्ट आणि एफ फोर, तरी नाही झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडून क्रोम बंद करा. परत उघडताना 'रिस्टोअर' दाबू नका, नाहीतर तेच पान परत येईल. बोलण्यात येऊन पैसे गेले असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार करा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

लाईट जाऊन आली की

ब्राउझर चालू असताना तो सतत डिस्कवर लिहीत असतो: इतिहास, कुकी (साइटनं तुमची ओळख ठेवायला लिहिलेल्या छोट्या नोंदी), सेटिंग, उघडे टॅब. त्या क्षणी लाईट गेली तर फाइल अर्धवट राहते. एकदा झालं तर क्रोम सावरतो. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर दम टाकतो, आणि महिनोन् महिने असं होत राहिलं की 'प्रोफाइल उघडता आलं नाही' असा संदेश यायला लागतो, दर वेळी साइन-इन मागतो, बुकमार्क गायब होतात.

क्रोम काढायची गरज नाही. नवीन प्रोफाइल बनवा. उजवीकडच्या गोल चित्रावर दाबून 'अ‍ॅड प्रोफाइल'. नवीन प्रोफाइल नीट चाललं तर जुनं खराब झालंय हे पक्कं. जुन्यातले बुकमार्क बुकमार्क मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करून नव्यात आणा, मग जुनं काढा.

पण लाईटीचा बंदोबस्त केल्याशिवाय नवंही तसंच होणार. घरात इन्व्हर्टर आहे तरी लाईट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो अशी तक्रार असेल तर इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं मोडचं बटण शोधा. पुष्कळ इन्व्हर्टरमध्ये एक साधा मोड आणि एक यूपीएस मोड असतो. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला थोडा जास्त वेळ लागतो, पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. यूपीएस मोड लावा. गावाकडे व्होल्टेज फार कमी असेल तर या मोडमध्ये इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो, तेव्हा इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवून कॉम्प्युटरला वेगळा छोटा यूपीएस घेणं परवडतं. आधीचा यूपीएस असेल आणि तो लाईट गेल्या गेल्या बंद पडत असेल तर बहुतेक वेळा त्याची बॅटरी मेलेली असते, अख्खा यूपीएस फेकू नका.

नवीन प्रोफाइलही लवकर खराब झालं, आणि सोबत कॉम्प्युटर अधूनमधून दगडासारखा थिजत असेल, तर हार्ड डिस्क तपासून घ्या. पण तपासायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर उतरवा. खराब होत चाललेल्या डिस्कवर मोठी तपासणी चालवली की ती कधी कधी तिथंच जीव सोडते.

विंडोजचं वय

क्रोम अपडेटच होत नाही, नवीन पोर्टल अर्धवट दिसतात, बटणं दाबली जात नाहीत, आणि हे दिवसेंदिवस वाढतंय: विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर याला उपाय ब्राउझरमध्ये नाही. क्रोमची १०९ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागते. कुणी 'जुन्या विंडोजवर नवा क्रोम टाकून देतो' म्हणालं तर त्या फायलीला घरात घेऊ नका. विंडोज १० चाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी क्रोम त्यावर अजून चालतो.

यावर माझं स्पष्ट मत आहे. चार जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप टाकून देऊ नका. त्यात एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, बसवा. ज्याचं काम फक्त ब्राउझरवरचं आहे, म्हणजे फॉर्म, बँक, यूट्यूब, अभ्यास, त्यानं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकून घ्यावी. ते फुकट आहे, त्यात मराठी दिसतं, लिहिता येतं. डिजिटल सहीचं टोकन, टॅली किंवा ठरावीक प्रिंटर असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

महिन्यानं परत बंद पडणारं

टेंडर किंवा कार्यालयीन कामाची काही जुनी पोर्टल फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची. तो १५ जून २०२२ ला बंद झाला. एजमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' सेटिंगखाली आयई मोड (इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालण्याची सोय) चालू करून त्या साइटचा पत्ता यादीत टाकला की ती चालते, आणि बरोबर ३० दिवसांनी परत बंद पडते. काही बिघडलेलं नसतं. त्या यादीतल्या नोंदीची मुदतच ३० दिवस असते. परत टाका, आणि पुढच्या महिन्याची तारीख वहीत लिहून ठेवा.

एकाच साइटवर अडत असेल तर

तेवढ्या साइटच्याच कुकी पुसा. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबलं की त्या साइटची माहिती काढायची सोय आहे. सगळा इतिहास पुसला की प्रत्येक ठिकाणचं लॉगिन जातं आणि आई-बाबांना पासवर्ड आठवत नाहीत. पावती नवीन खिडकीत उघडत नसेल तर पत्त्याच्या उजव्या टोकाला पॉप-अप अडवल्याचं छोटं चिन्ह असतं, ते दाबून त्या साइटला परवानगी द्या. पैसे कटले आणि पावती दिसली नाही म्हणून दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी हे बघाच.

पडदा मध्येच काळा होत असेल किंवा फडफडत असेल तर सेटिंगमधल्या 'सिस्टिम'खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून क्रोम परत उघडा. जुन्या ग्राफिक्स कार्डांवर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

आणि शेवटी कुणी म्हणालंच की फॉरमॅट मारावा लागेल, तर आधी विचारा की कशासाठी. फॉरमॅटनं सेल भरत नाही आणि गुगल खात्यातलं एक्स्टेन्शनही जात नाही. डिस्क बदलायची असेल किंवा रजिस्ट्रीतली घाण निघतच नसेल तर जरूर करा. त्याआधी बुकमार्क एक्स्पोर्ट करा, पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्डची फाइल काढा, डेस्कटॉप आणि डाउनलोड या दोन्ही फोल्डरांची प्रत घ्या, आणि जुन्या मराठी फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर ते फॉन्टही सोबत घ्या, नाहीतर परत उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. ती पासवर्डची फाइल कुणालाही उघडून वाचता येते, तेव्हा नव्या क्रोममध्ये ती टाकून झाली की कॉम्प्युटरवरून आणि पेन ड्राइव्हवरून लगेच पुसून टाका, रिसायकल बिनही रिकामा करा.